दोन टाळेबंद्यांच्या मधला क्लब

अ‍ॅबरकनन स्टेशन सोडून गाडी वेल्समधल्या कनन नदीच्या खोऱ्यात शिरली आणि बाबा खिडकीला जे चिकटले ते बोलेचनात. बाहेर सगळं हिरवंगार, दोन्ही बाजूंना डोंगर, मेंढ्या, पायथ्याशी एकाला एक लागून दगडी घरांच्या लांबच लांब रांगा, मला वाटलं ते सीनरी बघतायत. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा पहाड नाही गं, हे ओबी आहे."

ज्यांचं कोळशाशी काही नातं नाही त्यांच्यासाठी सांगते. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशापर्यंत पोचायला वरची माती-दगड काढतात आणि खदानीच्या बाजूला टाकत जातात, वर्षानुवर्षं, त्याचा डोंगर होतो. मी घुग्गुसची, चंद्रपूर जिल्हा, बाबा वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत होते, आमच्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीतून सूर्य ओबीच्या मागे मावळायचा आणि लहानपणी मला तो खरा डोंगरच वाटायचा. इकडच्या खाणी जमिनीखालच्या, त्यामुळे इथले ढिगारे आतून काढलेल्या दगडाचे, तांत्रिकदृष्ट्या ओबी नव्हे. पण माणसाने घातलेला डोंगर आणि देवाने घातलेला डोंगर यातला फरक त्यांना शंभर वर्षांच्या गवताखालूनही दिसला, आणि मी सहा वर्षं कार्डिफला राहून, या लाइनने कितीतरी वेळा जाऊन, मला दिसला नव्हता.

आम्ही चाललो होतो अ‍ॅबरडेरला, एका फुटबॉल मैदानावर. म्हणजे मैदान म्हणावं असं तिथे अजून आहे, पण ज्या क्लबसाठी मी जात होते तो ज्या नावाने खेळायचा ते नाव १९२८ मध्ये संपलं. अ‍ॅबरडेर अ‍ॅथलेटिक. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये हा क्लब फक्त सहा सीझन होता, १९२१ ते १९२७. या क्लबचा मला नाद कसा लागला ते सांगणं अवघड आहे, सुरुवात एका जुन्या टेबलवरून झाली, तिसऱ्या डिव्हिजनचं टेबल, चार्लटन, मिलवॉल, ब्रायटन, नॉर्विच अशी आज टीव्हीवर दिसणारी नावं आणि त्यांच्यात मध्येच अ‍ॅबरडेर, जिथून आमच्या ऑफिसमध्ये दोघं जण रोज गाडीने येतात. एवढंसं गाव लंडनच्या क्लबांसोबत काय करतंय हा पहिला प्रश्न. आणि मग ते तिथून गेलं का, हा दुसरा, ज्याने मला सोडलंच नाही.

गाव म्हटलं तर गाव पण नाही, आणि शहर पण नाही. अबर म्हणजे वेल्शमध्ये संगम किंवा नदीचं मुख, डार नावाची छोटी नदी इथे कनन नदीला मिळते म्हणून अ‍ॅबरडेर, वेल्शमध्ये लिहितात आणि बोलतात अबरदार. १८०१ मध्ये इथे जेमतेम दीड हजार लोक होते, १८५१ पर्यंत पंधरा हजार झाले. आधी लोखंड आणि मग कोळसा. इथला कोळसा साधा नव्हता, स्टीम कोल, धूर कमी आणि उष्णता जास्त, जहाजांचे बॉयलर आणि ब्रिटिश नौदल याच्यावर चालायचं. खोऱ्याखोऱ्यांतून तो खाली कार्डिफ आणि बॅरी बंदरात यायचा आणि तिथून जगभर. १९१३ ला दक्षिण वेल्सने एका वर्षात साडेपाच कोटी टनांहून जास्त कोळसा काढला, १९२० ला सुमारे दोन लाख सत्तर हजार माणसं या खाणींमध्ये होती.

आता फुटबॉल. वेल्समध्ये फुटबॉल आधी उत्तरेचा. वेल्सची फुटबॉल असोसिएशन १८७६ साली रेक्समला स्थापन झाली, त्याच वर्षी मार्चमध्ये ग्लासगोला स्कॉटलंडविरुद्ध पहिली इंटरनॅशनल मॅच, ४-० ने हरले. दक्षिणेत मात्र रग्बी. पण खाणी वाढल्या तशी माणसं सगळीकडून आली, इंग्लंडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, उत्तर वेल्समधून, आणि येताना त्यांनी आपापला खेळ आणला. अ‍ॅबरडेरमध्ये १८९३ पासून क्लब आहे, १९०४ आणि १९०५ अशी लागोपाठ दोन वर्षं वेल्श कपच्या फायनलला पोचले आणि दोन्ही वेळा उत्तरेकडच्याच क्लबांकडून हरले, एकदा ड्रुइड्स, एकदा रेक्सम.

आणि यांचं मैदान! अ‍ॅथलेटिक ग्राउंड म्हणायचे, आज द अनिस म्हणतात, अनिस म्हणजे बेट, नदीकाठचा सखल तुकडा. याच मैदानावर १ जानेवारी १९०८ ला वेल्स आणि न्यूझीलंड यांच्यात रग्बी लीगची (हा रग्बीचा एक वेगळा प्रकार) जगातली पहिली इंटरनॅशनल झाली, वेल्सने ९-८ ने जिंकली. जगातली पहिली. मी हे वाचलं तेव्हा दोनदा तारीख तपासली. त्याच वर्षी गावाने रग्बी लीगचा पण एक प्रोफेशनल क्लब काढला आणि तो एकाच सीझनमध्ये बंद पडला. म्हणजे सुरू करायचा उत्साह या गावात कधीच कमी नव्हता.

तो उत्साह समजायचा असेल तर गावात स्टेशनवरून चालत आलात की चौकात एक पुतळा आहे तो बघा, हातात बॅटन घेतलेला माणूस. करादोग. लोहार होता, त्याने साउथ वेल्समधून शेकडो गायकांचा एक प्रचंड कॉयर उभा केला, त्यात खाणीतली माणसंच जास्त, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या इमारतीतली गायनस्पर्धा १८७२ आणि १८७३ असं दोनदा जिंकून आला. माझं असं ठाम मत झालंय की १९२१ ला फुटबॉल लीगमध्ये जायची हिंमत याच पुतळ्याच्या गावाला होऊ शकत होती. गावातली माणसं लंडनला जातात, जिंकतात, परत येतात, हे त्यांनी आधी बघितलेलं होतं.

१९२० मध्ये लीगने तिसरी डिव्हिजन सुरू केली आणि वेल्सचे क्लब भराभर आत आले. कार्डिफ थेट दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, स्वॉन्झी, न्यूपोर्ट आणि मर्थर तिसऱ्यात. पुढच्या वर्षी तिसऱ्या डिव्हिजनचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग झाले, उत्तरेत रेक्समला जागा मिळाली आणि दक्षिणेत दोन नवीन क्लब निवडले गेले, चार्लटन आणि अ‍ॅबरडेर. वेल्सचे सहा क्लब एकाच वेळी लीगमध्ये! मर्थर तर अ‍ॅबरडेरच्या मागचा डोंगर ओलांडला की आलंच. दोन शेजारी गावं, दोघांकडे लीगचा क्लब.

पण त्या १९२१ च्या वसंतात गावात काय चाललं होतं ते टेबलमध्ये दिसत नाही. युद्धाच्या काळात खाणी सरकारच्या ताब्यात होत्या, ३१ मार्च १९२१ ला सरकारने त्या मालकांना परत केल्या आणि मालकांनी लगेच पगारकपात जाहीर केली, मान्य नसेल त्याला गेट बंद. लोक याला सर्रास संप म्हणतात, इंग्रजी पुस्तकांतही कधीकधी तसंच येतं, पण ही टाळेबंदी होती. हा शब्दांचा खेळ नाही. संपात कामगार काम थांबवतो, टाळेबंदीत मालक गेट लावून घेतो आणि घरात चूल पेटायची थांबायची वाट बघतो. तीन महिने चाललं. जुलैच्या सुरुवातीला माणसं कमी पगारावर परत खाली उतरली. आणि ऑगस्टच्या शेवटी लीगचा पहिला सीझन सुरू झाला.

म्हणजे ज्या लोकांनी आपल्या क्लबची लीगमधली पहिली मॅच बघितली ते तीन महिन्यांची उधारी डोक्यावर घेऊन आलेले लोक होते. तेव्हा लीगच्या मॅचचं तिकीट कमीत कमी एक शिलिंग. आले, आणि टीमने पण मान राखला, बावीस क्लबांत पहिल्याच वर्षी आठवा नंबर. मला हा आठवा नंबर फार मोठा वाटतो, लोक याला एका ओळीत उडवतात.

पुढच्या वर्षी एकदम खाली, एकविसावा. तेव्हा नियम असा होता की शेवटच्या दोन क्लबांनी परत निवडून यायचं, लीगच्या वार्षिक सभेत मतदान. बाहेरचे क्लब पण अर्ज करायचे. आणि मत कुणाचं, तर वरच्या दोन डिव्हिजनच्या क्लबांचं, तिसऱ्या डिव्हिजनचे क्लब असोसिएट मेंबर, त्यांना प्रत्येकी स्वतःचं मत नाही. तुमच्यासोबत रोज खेळणारे, तुमच्या मैदानावर आलेले, तुमची माणसं बघितलेले, त्यांच्या हातात फारसं काही नाही. त्या वेळी अ‍ॅबरडेर परत निवडून आलं. त्याच १९२२-२३ च्या सीझनमध्ये हीच टीम वेल्श कपच्या फायनलला पण पोचली आणि कार्डिफकडून ३-२ ने हरली, हे पण सांगायला हवं, कारण तेव्हाचं कार्डिफ म्हणजे पहिल्या डिव्हिजनमधली खरोखर मोठी टीम, पुढच्याच वर्षी इंग्लंडचं विजेतेपद त्यांचं, गुण सारखे असूनही, नुसत्या गोल अ‍ॅव्हरेजवर गेलं.

इथे एक कबूल करते. मला सुरुवातीला असं सिद्ध करायचं होतं की कोळशाचा भाव वर गेला की अ‍ॅबरडेर वर, खाली आला की खाली. तसं होत नाही. १९२३ ला फ्रेंच सैन्य जर्मनीच्या रूर खोऱ्यात घुसलं, जर्मन कोळसा थांबला आणि वेल्सच्या कोळशाला एकदम मागणी आली, आणि नेमकं तेव्हाच ही टीम तळाला. उलट १९२५-२६ ला, जेव्हा रूर परत सुरू झालेलं, पाउंड परत सोन्याशी जुन्याच भावाने बांधल्यामुळे वेल्सचा कोळसा परदेशात महाग पडत होता, नौदल आणि जहाजं तेलावर जात होती, खाणी बंद पडत होत्या, तेव्हा अ‍ॅबरडेर नववं आलं. नववं! टीम चांगली होती म्हणून आली. खेळ हा खेळच असतो, अकरा माणसं चांगली खेळली तर भाव पडलेला असताना पण जिंकतात.

पण क्लब अकरा माणसांवर चालत नाही ना. हे मला आमच्या कॉलनीमुळे माहितीये. घुग्गुसला कबड्डीचे खुले सामने व्हायचे, रात्री हॅलोजन लावून, लांबलांबचे संघ यायचे आणि सगळं वर्गणीवर. पगाराच्या दिवशी वर्गणीचं पुस्तक घेऊन पोरं दारोदारी फिरायची, बाबा कधी नाही म्हणाले नाहीत. एका वर्षी बोनसचं काहीतरी अडलं, दोन महिने लोकांच्या हातात पैसाच कमी होता, त्या वर्षी सामने झाले नाहीत. खेळाडू तेच होते, मैदान तेच होतं. पोरं येऊन ओट्यावर बसली, आईने चहा दिला, पुस्तक उघडलंच नाही कुणी.

अ‍ॅबरडेरला १९२६ मध्ये हेच झालं, फक्त दोन महिने नाही, सात महिने. १ मे १९२६ पासून खाणींना परत टाळं, परत तेच, पगार कमी आणि वर कामाचे तास जास्त. खाणकामगारांचा नेता ए. जे. कुक ऱ्होंडा खोऱ्यातल्या खाणींतूनच वर आलेला, त्याची घोषणा सगळ्या ब्रिटनमध्ये गाजली, पगारातली एक पेनी कमी नाही, दिवसातलं एक मिनिट जास्त नाही. त्यांच्यासाठी सगळ्या देशाने जो सार्वत्रिक संप केला तो नऊ दिवसांत मागे घेतला गेला आणि खाणकामगार एकटे उरले. मे गेला, जून गेला. सूप किचनं, पोरांना शाळेत जेवण, बायका-पोरं जुन्या ढिगाऱ्यांवर चढून दगडातून कोळशाचे तुकडे वेचतायत घरी चूल पेटवायला. (बाबांना खिडकीतून जे दिसलं ते हेच ढिगारे.) आणि त्याच उन्हाळ्यात या खोऱ्यांत गल्लोगल्लीचे बँड निघाले, पिपाण्या आणि ढोल घेऊन, तऱ्हेतऱ्हेचे वेष करून, स्पर्धा लावून मिरवणुका काढत. उपाशी लोकांनी काढलेल्या मिरवणुका. मी त्यांचे फोटो बघते तेव्हा चेहरे झूम करून बघत बसते.

त्या उन्हाळ्यात अ‍ॅबरडेर अ‍ॅथलेटिकने शेजारच्या अ‍ॅबरअ‍ॅमनच्या क्लबशी हातमिळवणी केली, नाव झालं अ‍ॅबरडेर अँड अ‍ॅबरअ‍ॅमन अ‍ॅथलेटिक. दीड-दोन मैलांवरची दोन गावं, एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी, एका जर्सीत. ऑगस्टच्या शेवटी सीझन सुरू झाला तेव्हा टाळेबंदीचा चौथा महिना संपत आला होता. घरी बेकार बसलेल्या माणसाकडे शनिवारी वेळच वेळ असतो, शिलिंग नसतो. आणि क्लबला तर दर दुसऱ्या शनिवारी गाडीने प्लिमथ, नॉर्विच, साउथएंड, ब्रायटन करायचंच, भाडं कुणी माफ करत नाही. नोव्हेंबर संपता संपता माणसं हरून खाली उतरली, कमी पगार, जास्त तास, आणि कित्येकांना परत घेतलंच नाही. सीझन संपला तेव्हा टीम बाविसावी होती. शेवटची.

२३ एप्रिल १९२७ ला वेम्बलीवर कार्डिफने आर्सेनलला १-० ने हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात जुनी कप स्पर्धा, जिंकला, इंग्लंडबाहेर तो कप गेला ती एवढी एकच वेळ. रेडिओवर पहिल्यांदा फायनलचं प्रक्षेपण झालं, सगळं वेल्स वेडं झालं होतं. आर्सेनलच्या ज्या गोलकीपरच्या हातातून तो बॉल निसटला तो डॅन लुईस, तो मार्डीचा. मार्डी कुठे, तर अ‍ॅबरडेरहून डोंगरावरून रस्ता जातो, पलीकडे उतरलात की मार्डी. त्याला आयुष्यभर लोकांनी ऐकवलं. मला या फायनलबद्दल वाचताना नेहमी तो डोंगरावरचा रस्ता आठवतो, एका बाजूला त्याचं घर आणि दुसऱ्या बाजूला शेवटच्या नंबरावरचा क्लब, आणि वीसेक मैलांवर कार्डिफमध्ये कपच्या मिरवणुका.

त्याच वर्षीच्या सभेत मतदान झालं. अ‍ॅबरडेरच्या विरोधात टॉर्की युनायटेड. पहिल्या फेरीत दोघांना सारखी मतं पडली. सारखी! म्हणजे सभेतल्या अर्ध्या लोकांना अजूनही हा क्लब राहावा असं वाटत होतं. परत मतदान घेतलं आणि दुसऱ्या फेरीत टॉर्की जिंकलं. टॉर्की म्हणजे डेव्हनच्या किनाऱ्यावरचं सुट्टीचं गाव, पामची झाडं, हॉटेलं, लोक हवा खायला जातात. त्यांचा काही दोष नाही, चांगली टीम होती, फुटबॉल लीगच्या बाहेरच्या सदर्न लीगच्या पश्चिम विभागात पहिली आलेली, आणि पुढे त्यांनी कितीतरी दशकं लीगमध्ये काढली. पण कोळशाच्या गावाची जागा समुद्रावरच्या हॉटेलांच्या गावाला गेली हे मला विसरता येत नाही, पुढच्या शंभर वर्षांत या देशात जे होणार होतं ते त्या एका दुपारी एका मतपेटीत झालं. तीन वर्षांनी डोंगरापलीकडच्या मर्थरलाही मतदानातच काढलं आणि लंडनचा एक नवा क्लब घेतला.

अ‍ॅबरडेर एक वर्ष सदर्न लीगमध्ये खेळलं, १९२८ मध्ये अ‍ॅबरअ‍ॅमनवाले वेगळे होऊन आपल्या नावाने खेळायला लागले आणि अ‍ॅबरडेर अ‍ॅथलेटिक संपलं. त्या अ‍ॅबरअ‍ॅमनमधून १९३३ मध्ये मर्थरचा एक बुटकासा खाणकामगार इंग्लंडच्या वुल्व्ह्ज क्लबला गेला, ब्रिन जोन्स, आणि पाच वर्षांनी आर्सेनलने त्याला चौदा हजार पाउंडांना घेतलं, तेव्हाची ब्रिटनमधली सगळ्यात मोठी रक्कम. म्हणजे बघा, खेळाडू या मातीत संपले नव्हते. त्यांना बघायला पैसे देऊ शकणारे संपले होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जवळजवळ चार लाख माणसं वेल्स सोडून गेली, ऑक्सफर्डच्या मोटार कारखान्यात, स्लाव, कॉव्हेंट्री, जिथे काम मिळेल तिथे. मतदानात क्लब वाचला असता तरी कितपत टिकला असता, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. पण टिकला नसता म्हणून काढलेलं बरोबर, हे मला पटत नाही. ज्या वर्षी घरात भाकरी नाही त्या वर्षीच्या मार्कांवर कुणाला शाळेतून काढायचं नसतं.

हे सगळं मी बाबांना गाडीत आणि मग मैदानावर जाताना सांगत होते, अर्धं नीट, अर्धं घाईत. आज तिथे स्पोर्ट्स सेंटर आहे, अ‍ॅथलेटिक्सचा ट्रॅक, रग्बीची पोस्ट्स, कडेला मोटारी उभ्या. पोरांचं प्रॅक्टिस चाललं होतं, एक कोच ओरडत होता. बाबा कडेच्या बांधावर चढून उभे राहिले आणि त्यांनी फुटबॉलबद्दल एक पण प्रश्न विचारला नाही. विचारलं काय, तर खाली किती खोल होती खाण, सीम, म्हणजे कोळशाचा थर, केवढी होती, पाळ्या किती, आणि मग बराच वेळ थांबून, "सात महिने? घरी किती जण खाणारे असतील एकेकाच्या?" मी म्हटलं पाच-सहा तरी. ते मान हलवत राहिले.

मग मी त्यांना टॉवरची गोष्ट सांगितली, खोऱ्याच्या वरच्या टोकाला हिरवाउनजवळची खाण, १९९४ मध्ये बंद केली तेव्हा २३९ खाणकामगारांनी आपल्या नुकसानभरपाईतले आठ-आठ हजार पाउंड घातले आणि खाणच विकत घेतली, जानेवारी १९९५ मध्ये बँड वाजवत आत गेले आणि २००८ पर्यंत, कोळसा संपेपर्यंत चालवली. बाबांनी मला हे दोनदा सांगायला लावलं. "स्वतःच्या पैशाने?" हो बाबा. "आणि चालवली?" हो, तेरा वर्षं. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, परत लावला आणि मैदानाकडे न बघता खोऱ्याच्या त्या टोकाकडे बघत राहिले, तिथून काही दिसत नाही तरी.

परतीच्या गाडीत मला वाटलं झोपतील. पण ते खिडकीलाच होते आणि बोटं मोजत होते. पॉन्टिप्रीद येईपर्यंत त्यांनी अकरा ओबी मोजले आणि बाराव्याबद्दल म्हणाले, तो खरा पहाड असावा.